अंक पोचला, आता पुढे? घरगुती विज्ञानकथा-अंकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधून आम्ही काही जण मराठी विज्ञानकथांचा अंक काढतो. घरच्या घरी जुळवणी, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छपाई, आणि रविवारी पोहे खाऊन झाल्यावर त्याच टेबलावर पिना मारणं, असा सगळा कारभार. अंक हातात पडला की वाचक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्य तितके त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

मी अंक मागवलाच नव्हता. मग माझ्या पत्त्यावर आला कसा?

कुणीतरी तुमचं नाव सुचवलं असणार. सुचवणारी व्यक्ती बहुधा तुमच्याच ओळखीतली असते: मावसभाऊ, शाळेतल्या बाई, नाहीतर ज्यांना तुम्ही कधीतरी एखादं पुस्तक वाचायला दिलं होतं ते शेजारचे काका. इंदूरात मराठी घरं खूप आहेत, पण वाचणाऱ्यांचं गाव लहान. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर कुठूनही निघालात तरी नाटकाच्या मध्यंतरात चहाला तीच माणसं भेटतात. अंक नको असेल तर तसं कळवा, यादीतून नाव काढू. राग धरत नाही. उलट एक प्रत वाचते आणि ती वाचणाऱ्याकडे जाते.

किंमत कुठेच छापलेली नाही. पैसे कुणाला द्यायचे?

कुणालाच नाही. बदल्यात तीनपैकी काहीही एक द्या: अंकावर पत्र, छापण्याजोगं काही (कथा, लेख, चित्र, नकाशा, काहीही), किंवा तुम्ही स्वतः असा अंक काढत असाल तर त्याची प्रत.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. १९२६ साली अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक निघालं. त्यात वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासकट छापली जायची. परिणाम व्हायचा तोच झाला: वाचकांनी संपादकाला बाजूला ठेवून एकमेकांना लिहायला सुरुवात केली. त्या पत्रमैत्रीतून मंडळं निघाली, आणि मे १९३० मध्ये शिकागोच्या सायन्स करस्पॉन्डन्स क्लबने 'द कॉमेट' काढलं. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेला पहिला अंक म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात. पुढे अशा अंकांवर किमतीच्या जागी 'नेहमीचं चालेल' अशा अर्थाची ओळ यायला लागली. नेहमीचं म्हणजे वरच्या तीन गोष्टी.

पैसे घ्यायला आम्हाला लाज वाटते असं नाही. पण वीस रुपये दिलेला माणूस त्या वीस रुपयांत मोकळा होतो, आणि आम्हाला त्याला मोकळं करायचं नाही.

म्हणजे हे दिवाळी अंकासारखंच ना? मग 'फॅनझीन' वगैरे कशाला म्हणायचं?

म्हणू नका, आम्हीही तोंडी 'अंक'च म्हणतो. फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी काढलेला अंक, हा शब्द लुई रसेल शॉव्हने या अमेरिकन चाहत्याने १९४० मध्ये रूढ केला. धंदेवाईक मासिकांपेक्षा आपले घरगुती अंक वेगळे ओळखू यावेत, एवढाच हेतू होता.

दिवाळी अंकाशी मात्र गल्लत करू नका. मराठी दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मासिक मनोरंजन'पासूनची. मोठं घराणं आहे ते. त्यात जाहिराती असतात, मानधन असतं, स्टॉलवर मांडणी असते. आमचं नातं लागतं ते हस्तलिखिताशी. शाळेत किंवा गणेशोत्सवात एकच प्रत हाताने लिहून, कोपऱ्यात वेलबुट्टी काढून, वाचनालयाच्या टेबलावर ठेवायचे ना, ते. त्यानंतर सायक्लोस्टाइल आलं. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने कोरायचं, शाईचा रूळ फिरवायचा, बोटं काळी करून घ्यायची. मराठी अनियतकालिकांची एक अख्खी पिढी त्यावर निघाली, आणि योगायोग असा की अमेरिकेतले विज्ञानकथांचे चाहतेही त्याच सुमारास त्याच यंत्राला जुंपलेले होते. १९५५ पासून विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत अशा अंकांसाठी वेगळा पुरस्कार आहे. आम्ही तिकडे डोळे लावून बसलेलो नाही, पण पाहुण्यांना सांगायला बरं पडतं.

'अंक मिळाला, आवडला' एवढं कळवलं तर चालेल का?

साभार पोच म्हणून चालेल. टपाल पोचलं हे आम्हाला कळतं आणि यादीत तुमच्या नावापुढे खूण होते. पत्र म्हणून मात्र ते धरत नाही.

कारण सांगतो. लेखकाने महिनोन्‌महिने एका कल्पनेशी झटापट केलेली असते. त्याला 'आवडला' वाचून दोन मिनिटं बरं वाटतं. पुढच्या कथेला त्याचा काडीइतका उपयोग नसतो. आणि अंक निघतो तोच मुळी कथा वाचणाऱ्या माणसाच्या डोक्यात पुढे काय होतं ते समजावं म्हणून. कथा छापायला दुसऱ्याही जागा आहेत. तुमचं पत्र छापायला ही एवढीच आहे.

मी काही समीक्षक नाही. अभिप्राय लिहायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तरही लांबलचक आहे.

पहिल्यांदा काय लिहू नये ते सांगतो. 'कथा ओघवती आहे, भाषा प्रवाही आहे, शेवट धक्कादायक आहे.' हे वाक्य कुठल्याही कथेला लावता येतं, त्यामुळे कुठल्याच कथेबद्दल ते काही सांगत नाही. अशी पत्रं आम्ही प्रेमाने वाचतो, आणि फाईलला लावतो.

आता हे बघा. एका कथेत घरकामाचा रोबो आणि आजी अशी दोनच पात्रं होती. त्यावर एका वाचकाने लिहिलं: 'पान १४ वर रोबो आजींना तुम्ही म्हणतो आणि पान १६ वर तू. हे मुद्दाम केलं असेल तर कथेतली सगळ्यात मोठी घटना तीच आहे, आणि लेखकाने ती इतकी हळूच घडवली याचं कौतुक. चुकून झालं असेल तर कृपया दुरुस्त करू नका.' तीन वाक्यं, एक पोस्टकार्ड. त्या अंकावर पुढे जितकी पत्रं आली त्यातली निम्मीशिम्मी या पोस्टकार्डाला उत्तर देणारी होती. रोबोने 'तू' म्हणावं का, म्हटलं तर आजींना चालेल का, की आजींनीच आधी परवानगी दिली आणि आपल्या लक्षात आलं नाही, यावर लोक तावातावाने भांडले. लेखक गप्प राहिला. शहाणा माणूस.

तर लिहिताना एवढं धरून चला. कुठे थांबलात ते सांगा: पान, परिच्छेद, जमलं तर ते वाक्यच. कंटाळा आला असेल तर कुठून यायला लागला ते सांगा; 'कंटाळवाणी' या निकालापेक्षा तो ठिकाणा जास्त कामाचा. कथेचा गोषवारा दोन ओळींच्या वर नेऊ नका, अंक आम्ही वाचलेला आहे. कथेवरून तुम्हाला भलतंच काही आठवलं, बिजलपूरच्या तलावावर पाहिलेला एखादा पक्षी किंवा आजोबांचा रेडिओ, तर तेही बेलाशक लिहा. चांगल्या पत्रात निम्मा मजकूर असाच वाट चुकलेला असतो. सगळ्या कथांवर लिहायचं बंधन नाही. एकीवरच लिहिलंत आणि बाकीच्यांचं नावही काढलं नाहीत, तर तोही एक अभिप्रायच झाला; बाकीचे लेखक तो बरोबर वाचतात.

सुरुवात कशी करू? 'संपादकमहाशय, स. न. वि. वि.' असं?

करा की. छान दिसतं.

कथा मला अजिबात कळली नाही. तसं लिहिलं तर हसं होईल का?

होणार नाही. कुठवर कळत होती ते लिहा. दोनतीन जणांची गाडी त्याच पानावर अडली असेल तर गडबड कथेत आहे, आणि लेखकाला ते कळायलाच हवं.

विज्ञानातली चूक सापडली तर? कथाच आहे म्हणून सोडून द्यायची का?

अजिबात सोडू नका. आमच्याकडे 'कॅट'मध्ये, म्हणजे आताच्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, उभी हयात घालवलेले वाचक आहेत. ते तर सोडतच नाहीत. एका होतकरू लेखकाने तिथल्या सिंक्रोट्रॉनमधून (कणांना वलयात वेगाने फिरवणारं यंत्र) प्रोटॉनांचा झोत सुटल्याचं आणि पार राऊपर्यंतचं आकाश उजळल्याचं लिहिलं. मागोमाग पत्र हजर: इंडस-२ मध्ये, म्हणजे त्या सिंक्रोट्रॉनमध्ये, प्रोटॉन नाही, इलेक्ट्रॉन फिरतात, ऊर्जा २.५ जीईव्ही, वलयाचा परीघ १७२ मीटरच्या आसपास. आणि हा सगळा खटाटोप असतो तो वळणावर त्या इलेक्ट्रॉनांतून निघणारे क्ष-किरण वापरता यावेत म्हणून. पत्राच्या शेवटी मात्र पत्र लिहिणाऱ्या काकांनी लिहिलं होतं की आकाश उजळायची कल्पना आपल्याला पसंत आहे, फक्त तिला दुसरं कारण शोधावं.

दुसरा नमुना सावलीचा. कथेतली नायिका मेच्या मध्यावर दुपारी बाराच्या ठोक्याला राजवाड्यासमोर उभी असते, तिची सावली नाहीशी होते आणि त्या क्षणी काळाचं दार उघडतं. ही कथा पुण्यात घडली असती तर तारीख जमली असती. पुणे साडेअठरा अक्षांशावर, तिथे सूर्य मेच्या मध्याला डोक्यावर येतो. इंदूर जवळजवळ पावणेतेवीसवर. इथे शून्य सावली पडते जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, आणि सूर्य परत फिरताना पुन्हा जुलैच्या सुरुवातीला. एका शिक्षिकेने गणित मांडून पाठवलं: मेच्या मध्याला इथे भर माध्यान्हीही सूर्य डोक्यापासून चारेक अंश कललेला असतो, म्हणजे एक मीटर उंचीच्या काठीची सात सेंटिमीटर सावली पडणारच. शिवाय आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आणि इंदूर पंचाहत्तरच्या थोडं पुढे. त्यामुळे इथली माध्यान्ह बाराला होत नाही, बारा पंचविसाच्या आसपास होते. म्हणजे काळाचं दार तारखेनेही चुकलं आणि वेळेनेही.

हे पत्र जसंच्या तसं छापलं. लेखिकेने कथेची तारीख जूनमध्ये नेली, आणि बारा ते बारा पंचवीस ही जी रिकामी वेळ हाताशी आली तिच्यात एक नवा प्रसंग घातला. कथा आधीपेक्षा सुधारली, असं मला वाटतं. बाकीच्या मंडळींचं एकमत नाही.

एक भेद मात्र सांभाळा. काळाचं दार हे कथेचं गृहीतक. त्यावर 'असं दार नसतं' म्हणून हरकत घेण्यात अर्थ नाही, ते लेखकाने पहिल्याच पानावर मागून घेतलेलं असतं. सूर्य कुठल्या दिवशी कुठे असतो हे मात्र त्याने मागितलेलं नसतं.

लेखक ओळखीचे आहेत. वाईट लिहिलं तर संबंध बिघडतील.

इंदूरच्या मराठी मंडळींत ही अडचण खरीच आहे. ज्यांच्या कथेवर तुम्ही टीका करणार त्यांच्याच मुलीच्या लग्नाला पुढच्या महिन्यात जायचं असतं. त्यासाठी आमच्याकडे दोन सोयी आहेत. पत्र टोपणनावाने छापता येतं. खरं नाव संपादकांजवळ असलं की झालं, आणि आम्ही ते फोडत नाही. आणि लेखकही टोपणनावाने लिहू शकतो, जेणेकरून तुम्हाला कळूच नये की तो तुमचा साडू आहे.

टोपणनावाचं मराठी विज्ञानकथेत तर मोठं पुण्य आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. परीक्षकांनी नाव बघून नाही तर कथा बघून गुण द्यावेत म्हणून त्यांनी हे केलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली. केंब्रिजहून परतलेल्या, जगभर नाव असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला जे गरजेचं वाटलं, ते सुदामानगरातल्या माणसाला वाटलं तर त्यात संकोच कसला?

एवढं मात्र बघा की टोपणनावाआडून माणसावर घसरायचं नाही. कथेवर हवं ते बोला. 'यांना कथा लिहायला कुणी सांगितलं' हे वाक्य आलं की पत्र साभार परत.

पत्रं छापताना काटछाट करता का?

करतो. नमस्कार-चमत्कार, प्रकृतीची विचारपूस आणि एकाच कथेचा तिसऱ्यांदा आलेला गोषवारा उडतो. अर्थाला हात लावत नाही. लांब पत्रातून तुकडा घेतला तर तिथे तीन टिंबं दिसतील. जी पत्रं छापता येत नाहीत त्यांच्या लेखकांची नावं 'यांचीही पत्रे आली' या मथळ्याखाली देतो; ही प्रथाही जुनी, जगभरातल्या चाहत्यांच्या अंकांत सापडते. त्या यादीत सलग तीनदा नाव आलं की लोक चौथ्यांदा इरेला पेटून लिहितात, असा अनुभव आहे.

पत्र हिंदीत लिहिलं तर?

चालेल, आणि हिंदीतच छापू. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत आता बोलणं मराठी आणि शाळा हिंदी किंवा इंग्रजी अशी वाटणी आहे. वाचता येतं, पण लिहायला बसलं की हात हिंदीकडे वळतो. त्यापायी कुणाचं चांगलं पत्र अडून राहू नये. भाषांतर करत बसत नाही; मराठी वाचकाला हिंदी कळतं, आणि मूळ पत्राची मजा जाते. मराठीत लिहून शुद्धलेखनाची भीती वाटत असेल तर ती आमच्यावर सोडा. 'भिया' आणि 'अपन' हे खास इंदुरी शब्द तेवढे आम्ही मुद्दाम ठेवतो.

अभिप्राय यंत्राकडून लिहून घेतला तर चालेल का? आता सगळेच घेतात.

नको. विज्ञानकथांच्या अंकाने असं म्हणावं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पान १४ वर तुम्ही कुठे अडखळलात ते यंत्राला ठाऊक नसतं. ते 'ओघवती, प्रवाही' लिहून देतं. तेवढं आम्हालाही येतं.

मला नुसतं पत्र नको, अख्ख्या अंकाचं परीक्षण लिहायचं आहे.

जरूर लिहा. हजार शब्दांत आवरा. शेवट फोडायचाच असेल तर आधी तसं सांगा, म्हणजे ज्यांनी अंक अजून उघडलेला नाही ते पान उलटतील. मुखपृष्ठ, चित्रं, मांडणी यांच्यावरही लिहा. चित्रकारांना कुणी विचारत नाही ही त्यांची रास्त तक्रार आहे. संपादकीयावर लिहिलं नाहीत तरी चालेल, कुणीच लिहीत नाही. ज्याची कथा अंकात आहे त्याने त्याच अंकाचं परीक्षण करू नये, एवढा एकच पक्का नियम. नवराबायकोच्या बाबतीत नियम नाही, पण वाचक ओळखतात.

माझ्या प्रतीत पानं उलटसुलट लागली आहेत. असं कसं होतं?

प्रत परत द्या किंवा फोटो पाठवा, बदलून मिळेल. आता कसं होतं ते.

ए-फोर कागद मधोमध दुमडून आम्ही ए-फाइव्हची पुस्तिका करतो. एका कागदावर चार पानं बसतात, त्यामुळे एकूण पानं चारच्या पटीत असावीच लागतात. (अंकाच्या शेवटी कधीकधी अचानक एखादी कविता दिसते, तिचं कारण हे.) चाळीस पानांच्या अंकात पहिल्या कागदाच्या एका बाजूला पान ४० आणि पान १ शेजारीशेजारी येतात, पाठीमागे २ आणि ३९. दर जोडीची बेरीज ४१ यायला हवी. ही जुळवणी संगणक करून देतो, पण पाठपोट छापताना दुकानातल्या यंत्रावर कागद लांब कडेऐवजी आखूड कडेवर किंवा उलट फिरला की मागची बाजू डोकं खाली करून छापली जाते. म्हणून आधी कोऱ्या कागदांची डमी करून तिच्यावर हाताने आकडे घालायचे आणि पहिली छापील प्रत तिच्याशी ताडायची. हे काम ज्याच्याकडे असतं त्याच्याशी तेवढा वेळ कुणी बोलत नाही.

मग पिना. साधा स्टेपलर कडेपासून पंधरा सेंटिमीटर आत पोचत नाही. लांब हाताचा स्टेपलर आला नव्हता तेव्हा थर्मोकोलचा तुकडा खाली ठेवून, स्टेपलर उघडा करून पिना उभ्या ठोकायच्या आणि मागून चमच्याच्या पाठीने वाकवायच्या, असं चालायचं. दुमडल्यावर आतले कागद बाहेर डोकावतात. ती कड खजुरी बाजाराकडे गेलं की कटिंगवर सरळ करून मिळते.

छपाईत 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालंय. प्रूफं बघता की नाही?

बघतो, तरी निसटतं. इथल्या डीटीपीवाल्यांचा हात हिंदीवर बसलेला. युनिकोडमध्ये त्या आडव्या रेघेच्या र साठी ऱ हे वेगळं अक्षर आहे. त्याऐवजी साधा र दाबला की रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ळ च्या जागी ल पडून 'बाळ'चं 'बाल' होणं हा दुसरा प्रकार. कुणी कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टाइप केलेली कथा पाठवली तर ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचे हाल होतात ते वेगळेच. तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच पाठवा, नाहीतर सरळ हाताने लिहून. सुवाच्य हस्ताक्षर आम्हाला कृतिदेवपेक्षा प्रिय आहे.

बाहेरगावी अंक कसा पाठवता? मिळायला एवढा वेळ का लागतो?

साध्या टपालाने. ७५ जीएसएमचा एक ए-फोर कागद साधारण ४.७ ग्रॅमचा, चाळीस पानांना असे दहा लागतात, वर मुखपृष्ठाचा जाड कागद. पाकिटासकट साठसत्तर ग्रॅम झाले. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही स्वस्त सेवा आहे, पण ती ठरावीक काळाने निघणाऱ्या नियतकालिकांसाठी नाही, म्हणून त्या वादात न पडता आम्ही साधं टपाल धरलं. रजिस्टर पोस्ट तर २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं. हवंच असेल तर स्पीड पोस्टाचा खर्च तुमचा. महिनाभर वाट बघा, नाही आला तर कळवा. इंदूरातल्या इंदूरात मात्र हातोहात देतो.

नुसती पीडीएफ का पाठवत नाही? खर्च वाचेल.

ज्यांना बारीक अक्षर वाचवत नाही किंवा जे परदेशी आहेत त्यांना मागितल्यावर देतो. सरसकट देत नाही. पीडीएफ लोक जपून ठेवतात, वाचत नाहीत. कागदाचा अंक टेबलावर पडून राहतो, आई विचारते हे काय आहे, आणि ती आधी वाचते. आमची काही उत्तम पत्रं अशा आयांची आहेत.

प्रतीवर पोह्यांवरचा जीरावन मसाला सांडला. दुसरी मिळेल?

नाही. ती प्रत आता नीट इंदूरची झाली.

आमच्या गावातही असा अंक काढतो. अदलाबदल कराल?

आनंदाने. प्रत पाठवा, बदल्यात आमची येईल आणि 'साभार पोच'मध्ये तुमच्या अंकावर दोनचार ओळी छापू. वाचून लिहू, नुसतं नाव देणार नाही. चारपाच गावचे अंक जमले तर याच्या पुढची पायरीही करता येईल. १९३७ मध्ये डोनाल्ड वॉलहाइम यांनी अमेरिकेत चाहत्यांची एक छपाई-मंडळी उभी केली: प्रत्येकाने आपली चार पानं सभासदांइतक्या प्रतींत छापायची, सगळी एका माणसाकडे धाडायची, त्याने गठ्ठे बांधून प्रत्येकाला एक गठ्ठा परत पाठवायचा. पुढच्या गठ्ठ्यात मागच्या गठ्ठ्यावरच्या टिप्पण्या असायच्या आणि बरेच जण मूळ मजकुरापेक्षा त्या आधी वाचायचे. ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर, देवास एवढ्यांचा गठ्ठा बांधायला मी तयार आहे.

शाळकरी मुलांची पत्रं घेता का?

घेतो, वय छापत नाही. रे ब्रॅडबरी यांनी १९३९ साली स्वतःचा घरगुती अंक काढला तेव्हा विशीही गाठली नव्हती. मुलं शिष्टाचार पाळत नाहीत, त्यामुळे त्यांची पत्रं वाचनीय असतात. 'शेवटी सगळे मेले हे चीटिंग आहे' हे आमच्याकडे आलेलं सर्वांत छोटं आणि सर्वांत बिनतोड परीक्षण.

पुढचा अंक कधी?

पुरेशी पत्रं जमली की. हे टाळाटाळीचं उत्तर वाटतं, पण अंकाची सुरुवातीची पानं पत्रांची असतात आणि ती भरल्याशिवाय पुढची जुळवणी सुरू होत नाही. कथा तर आताच दोन अंकांपुरत्या पडून आहेत.

पत्र पाठवायची शेवटची तारीख काय? आणि कुठे पाठवायचं?

तारीख नाही. जुन्या अंकातल्या कथेवर आज लिहिलंत तरी छापू, फक्त अंकाचा क्रमांक आणि पान घाला. पत्ता मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला आहे. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळतं. एकावर मावलं नाही तर दोन पाठवा आणि वर १, २ असे आकडे घाला, कारण ती एकाच दिवशी पोचतीलच असं नाही.